नाण्यावरचा दुसरा ठसा



दरवर्षी जून महिना जवळ आला की आपल्या घराघरांतून तोच प्रश्न विचारला जातो. मुलाला कोणत्या शाळेत घालावे? उर्दू माध्यमाच्या, मराठी की इंग्रजी? मुलगी दहावी पास झाली, आता तिला पुढे कॉलेजात पाठवावे की घरीच ठेवावे? वरवर पाहता हा फीचा, अंतराचा आणि पुढे मिळणाऱ्या नोकरीचा हिशेब असतो. परंतु थोडे खोलात गेले की त्याच्या तळाशी एक भीती सापडते. हे नवे शिक्षण घेऊन आपले मूल आपले राहील काय? की डोक्यात विद्या येईल आणि काळजातून घर जाईल?

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती मूर्खपणाची नाही आणि ती केवळ मुसलमानांचीही नाही. गेल्या दोनशे वर्षांत आशिया खंडातील बहुतेक प्रत्येक समाजाला या प्रश्नाला तोंड द्यावे लागले आहे. पाश्चात्य राष्ट्रे व्यापाराला आली, मग राज्य करू लागली आणि त्यांच्याबरोबर त्यांची शाळा, त्यांचे विज्ञान, त्यांचा कायदा आणि त्यांचा पोशाखही आला. यांतले घ्यायचे काय आणि ठेवायचे काय, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण फार लांब जाण्याचे कारण नाही. गोदावरीच्या दोन्ही काठांवर, आपल्या पंचवटीपासून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या टापूत, हा इतिहास दगडावर आणि चांदीवर कोरलेला आहे.

पंचवटी हे यात्रेचे ठिकाण. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात साऱ्या देशातून माणसे येथे येतात. पलीकडच्या काठावरील जुन्या नाशकाला मोगलांच्या अमदानीत गुलशनाबाद म्हणत आणि मराठ्यांच्या राजवटीत ते पुन्हा नाशिक झाले. म्हणजे बाहेरचा माणूस आणि बाहेरचे नाव या गावाला कधीच परके नव्हते. पण याहूनही जुनी एक गोष्ट आहे, तिच्यापासून आरंभ करू.

लेण्यातला यवन

नाशकाच्या नैर्ऋत्येस सुमारे आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे. त्यात कोरलेल्या बौद्ध लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. तेथील सतराव्या लेण्यात एक शिलालेख आहे. हे लेणे कोरवून घेणारा आपला परिचय देतो तो असा: धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा राहणारा, यवन. प्राचीन लेखांत यवन म्हणजे ग्रीक वंशाचा माणूस. आईवडिलांच्या पुण्यासाठी आपण हे लेणे आणि पाण्याची टाकी करविली आणि या दानात आपला मुलगा धम्मरक्षित सहभागी आहे, असे तो सांगतो.

वाचकहो, या तीन पिढ्यांची नावे पुन्हा पाहा. धम्मदेव, इंद्राग्निदत्त, धम्मरक्षित. यांत एकही नाव ग्रीक नाही. लेखाची भाषा प्राकृत, दान बौद्ध संघाला. तरीसुद्धा हा गृहस्थ स्वतःला यवन म्हणवून घ्यायला विसरत नाही. आपले मूळ लपवावे असे त्याला वाटले नाही आणि आपले मूळ सांगितले म्हणून येथील लोक दानाचा स्वीकार करणार नाहीत, अशी धास्तीही त्याला वाटली नाही. त्या काळी पश्चिमेकडचा माणूस पूर्वेकडे येऊन पूर्वेचा झाला होता. आज आपण समजतो तसा हा प्रवास नेहमी एकाच दिशेने झालेला नाही.

त्याच डोंगरातील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. हा शक, म्हणजे तोही मूळचा बाहेरून आलेल्यांपैकी. त्याने जवळच्या गोवर्धन गावातील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असा व्याजाचा दर ठरला. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांची व इतर गरजांची सोय करायची, अशी अट त्याने दगडावर कोरून ठेवली. शिक्षण संस्थेसाठी निधी जमविणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना ही अट ओळखीची वाटेल. मुद्दल राखून व्याज वापरावे, हा धडा केवळ पैशापुरता नाही. त्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

जोगलटेंभीचे घबाड

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचे एक घबाड सापडले. नाणी १३,००० हून अधिक होती आणि ती नहपानाची होती. या नाण्यांच्या एका बाजूस राजाचे मस्तक आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरे आहेत. गंमत अशी की ग्रीक लिपीत जे लिहिले आहे ते ग्रीक भाषेत नाही. नहपानाची पदवी आणि नाव, तेच प्राकृत शब्द, केवळ अक्षरे ग्रीक. लिपी परकी, बोली येथली.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. पांडवलेण्यातील तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपल्या मुलाने शक, यवन आणि पल्हव यांचा नाश केला, असे तीत ही माता अभिमानाने सांगते. इतके वैर असलेल्या शत्रूच्या नाण्यांचे या विजेत्याने काय केले? जोगलटेंभीच्या घबाडातील ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याने आपला ठसा उमटविला आहे. एका बाजूस आपले नाव व टेकडीचे चिन्ह, दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचे म्हणून ओळखले जाणारे चिन्ह. नाणी त्याने नदीत फेकली नाहीत आणि आहेत तशी चालवलीही नाहीत. चांदी खरी होती, म्हणून ती ठेवली. नाव आपले नव्हते, म्हणून ते बदलले. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखाली जुन्या मस्तकाची आणि ग्रीक अक्षरांची रेषा आजही दिसते.

माझ्या मते, संस्कृती आणि आधुनिकता यांच्याविषयी जे सांगायचे ते या नाण्याने सांगून टाकले आहे. परक्याचे म्हणून खरी चांदी नाकारणे हे नुकसान आपलेच. आणि परक्याचा ठसा तसाच मिरवीत राहणे म्हणजे आपण अजून त्याचीच प्रजा आहोत असे कबूल करणे.

आपले आकडे, त्यांची भीती

मनातील एक समजूत येथेच दूर करावयास हवी. विज्ञान आणि गणित ही पश्चिमेची मालमत्ता आहे आणि आपण ती उसनी घेणारे आहोत, अशी ती समजूत. शून्यासह दहा अंकांनी संख्या लिहिण्याची रीत हिंदुस्थानात सिद्ध झाली. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी याने या हिंदी अंकांवर अरबीत ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर युरोपात पोहोचले. इटलीतील पिसा शहराचा लिओनार्दो, ज्याला जग फिबोनाची म्हणून ओळखते, त्याने उत्तर आफ्रिकेच्या बंदरात ही रीत शिकून १२०२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले.

युरोपने तिचे हात पसरून स्वागत केले असे मात्र समजू नका. १२९९ मध्ये फ्लॉरेन्स शहरातील सराफांच्या संघाने आपल्या हिशेबाच्या वह्यांत हे आकडे वापरायला मनाई केली. नव्या आकड्यांत सहज खाडाखोड करून फसवणूक होईल, ही त्यांची भीती. म्हणजे पूर्वेकडून आलेल्या विद्येसमोर पश्चिमही एके काळी आपल्यासारखीच दार लोटून बसली होती. पुढे तिने दार उघडले आणि आकडे आपलेसे केले. आज तेथे कोणी हे आकडे वापरताना आपला धर्म बुडाला असे म्हणत नाही. विद्येला जन्मगाव असते, पण मालक नसतो. जो तिच्यासाठी कष्ट करील तिची ती.

मास्तर राजा झाला तेव्हा

तथापि एकोणिसाव्या शतकातील परिस्थिती वेगळी होती हे मान्य केले पाहिजे. बगदादच्या विद्वानाने किंवा पिसाच्या लिओनार्दोने विद्या घेतली ती स्वखुशीने. आपल्यापुढे ती आली तेव्हा मास्तरच राजा होऊन बसला होता. १८३५ मध्ये मेकॉले साहेबाने हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयाला तुच्छ लेखून इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरला. अशा हातून मिळणारी पाटी घ्यावयास आपले पूर्वज कचरले, यात नवल नाही. नवल आहे ते, अपमान गिळूनही जे शिकले आणि शिकून आपलेच राहिले त्यांचे.

पांडवलेण्यांतील लेख वाचण्याचे काम घ्या. इंग्रज अधिकारी व पाद्री यांनी त्यांच्या नकला केल्या आणि वाचनाचा प्रयत्न आरंभिला. पण पुढे या कामात मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड आणि जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मोठी भर घातली. भगवानलालांना इंग्रजी बेताचेच येत असे. ते आपल्या मातृभाषेत, गुजरातीत, लिहीत आणि इतर विद्वान त्याचे इंग्रजी करीत. १८८३ मध्ये निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये पांडवलेण्यांच्या लेखांचे त्यांचे वाचन समाविष्ट झाले आणि १८८४ मध्ये हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. नवी पद्धत त्यांनी पुरती आत्मसात केली. त्यासाठी त्यांना दुसरा माणूस व्हावे लागले नाही.

आपल्या समाजातील उदाहरण न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे. जन्म १८४४, मुंबईतील व्यापारी कुटुंबात. १८६० मध्ये कोवळ्या वयात ते विलायतेला गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईत वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. एवढी मोठी वकिली सांभाळून त्यांनी काय केले? १८७४ मध्ये आपले बंधू कमरुद्दीन व इतर मंडळींच्या साहाय्याने अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली आणि १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, तेव्हा आपल्या निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्याच कोर्टात न्यायासनावर होते. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा टिळकांना जामीन दिला तो तय्यबजींनी. इंग्रजांचा कायदा इंग्रजांच्या देशात शिकून, इंग्रज सरकारला न रुचणारा निर्णय त्याच कायद्याने देणे, यालाच मी चांदी ठेवून ठसा बदलणे म्हणतो.

काळारामाचा दरवाजा

आधुनिकता म्हणजे आगगाडी, वीज आणि पाटलोण एवढेच नव्हे. तिचा एक भाग यंत्राचा आहे, तसा दुसरा भाग माणसामाणसांतील समतेचा आहे. पहिला भाग आपण सगळे पटकन घेतो. दुसरा घ्यायला जड जातो. पंचवटीने हे प्रत्यक्ष पाहिले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकले. परदेशी पदव्यांच्या बळावर त्यांना सुखाने राहता आले असते. परंतु त्यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे नाशिककर कार्यकर्ते तो पुढे चालवीत राहिले. हजारो स्त्री-पुरुषांनी भाग घेतला, मार खाल्ला, तुरुंग भोगला. दरवाजे उघडले नाहीत. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून हा सत्याग्रह थांबवावा आणि शक्ती राजकारणाकडे व शिक्षणाकडे लावावी असा सल्ला दिला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

त्या मंदिरातील श्रद्धेविषयी बोलणे हा आपला अधिकार नव्हे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढेच पाहा की, विलायतेत शिकलेल्या माणसाने आपल्या माणसांना पाश्चात्य होण्यास सांगितले नाही. माणूस म्हणून आमची जागा कोणती, हा प्रश्न घेऊन तो आपल्याच गावच्या दरवाजाशी आला. बाहेर जाऊन शिकण्याचे सार्थक असे घरी परतण्यात आहे.

दुसऱ्याच्या दरवाजाशी समतेचा प्रश्न पाहणे सोपे असते. आपल्या उंबरठ्याशी तो आपली मुलगी होऊन उभा असतो. संस्कृती सांभाळायची म्हणून पुष्कळ घरांत पहिला बळी मुलीच्या शिक्षणाचा जातो. मुलाला नवे कपडे, नवी भाषा, नवे शहर सगळे चालते आणि साऱ्या घराण्याची परंपरा मात्र एकटीने मुलीने वाहायची! हा न्याय आपल्याच इतिहासाला धरून नाही. १८५६ मध्ये सावित्रीबाई फुले यांनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. पुण्यात मुलींच्या शिक्षणाच्या त्या पहिल्यावहिल्या कामात आपली एक बहीण त्यांच्या सोबत होती. १९०६ मध्ये तय्यबजींच्याच आप्तांपैकी अतिया फैजी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. तेथील दैनंदिनी त्यांनी उर्दूत लिहिली, म्हणजे ती येथल्या भगिनींना वाचता यावी. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे त्या करू शकल्या, ते नाशिकच्या नाशकात कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत आपण अवघड का मानावे?

दोन देश, दोन वाटा

बाहेरच्या जगातही हा प्रयोग झाला आहे. १८७१ ते १८७३ या काळात जपानने आपले मंत्री व अधिकारी अमेरिका आणि युरोप पाहण्यास पाठविले. त्यांनी कारखाने, शाळा, न्यायालये सारे पाहिले आणि हवे ते आणले. परंतु मुलांना शिकविले ते जपानी भाषेत, जपानी लिपीत. तुर्कस्तानने १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घेतली. नवी लिपी शिकण्यास सोपी होती, साक्षरता वाढली, हा लाभ खराच. पण आजोबांच्या हातची पत्रे नातवाला वाचता येईनाशी झाली, ही किंमतही खरी. त्याच जपानने पुढे पाश्चात्यांची साम्राज्याची हावही उचलली आणि शेजाऱ्यांवर अत्याचार केले, हेही विसरू नये. म्हणजे घ्यायचे ते निवडून घ्यावे लागते आणि निवड करण्यासाठी आधी आपल्याजवळ काय आहे हे ठाऊक असावे लागते.

आपल्याजवळ काय आहे? उर्दू आहे, घरातली बोली आहे आणि मराठीही आहे. मराठी ही दुसऱ्याची भाषा आहे असे कोणी समजू नये. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. आपल्या शाळेतलेच शब्द पाहा. शाळा आणि विद्यार्थी संस्कृतातून आले. हजेरी, शाई, कागद, तारीख अरबी-फारसीतून आले. फी, बेंच आणि पेन इंग्रजीतून आले. मुले पाठीवर नेतात ते दप्तर फारसीतून मराठीत आले, फारसी-अरबीत ते मूळ ग्रीकातून आलेले, आणि ग्रीकात त्या शब्दाचा अर्थ कातडे. आपल्या पोरांच्या पाठीवर इंद्राग्निदत्ताच्या पूर्वजांचा शब्द आहे आणि कोणालाही तो परका वाटत नाही. भाषा असे शब्द पचवते, कारण तिचा कणा शाबूत असतो. कणा शाबूत असेल तर माणसालाही नवे पचते.

उषवदाताच्या ठेवीकडे आता परत येऊ. मुद्दल राखावे आणि व्याजावर जगावे. आपली भाषा, आपला इमान, वडीलधाऱ्यांचा अदब, शेजाऱ्याशी सलोखा हे मुद्दल. ते शाळा देत नाही आणि शाळा ते काढूनही घेत नाही. ते घरात दिले जाते. पुष्कळदा आपण घरात काही देत नाही आणि मूल बदलले म्हणून दोष मात्र शाळेला देतो. मुलाला इंग्रजी माध्यमात घातले असेल तर रोज अर्धा तास त्याला उर्दू वाचावयास बसवा. उर्दू माध्यमात असेल तर त्याचे मराठी आणि इंग्रजी कच्चे राहणार नाही याची काळजी घ्या. मुलीची फी भरताना हात आखडू नका. आणि एखाद्या रविवारी साऱ्या कुटुंबाने त्रिरश्मीच्या पायऱ्या चढून सतरावे लेणे पाहून या.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचा शब्द तुमच्यासाठी. तुमच्या हाती जी विद्या येत आहे तिच्यावर आधीच्या कित्येकांचे ठसे आहेत. ग्रीकांचे, हिंदूंचे, बौद्धांचे, अरबांचे, युरोपियनांचे. त्यांतला एकही खरवडून काढण्याची गरज नाही. चांदी खरी आहे की नाही एवढे पारखून घ्या, मेहनत करा आणि तिच्यावर आपला ठसा उमटवा. तो पुरेसा खोल असेल तर उद्या दुसरे कोणी ते नाणे हातात घेतील तेव्हा तुमचे नावही त्यांना वाचता येईल.